पंधरा खिळे आणि एक कोरा

महादेव अण्णा समोरच्या माणसाचा पेपर वाचायचे. तसं एस.टी.त शेजाऱ्याच्या पेपरात डोकं खुपसणारे आपण सगळेच. अण्णांचा प्रकार त्यापुढचा होता. आपण चहाच्या टेबलावर पेपर पसरला की ते बरोबर पलीकडच्या बाजूला बसायचे आणि त्यांच्याकडून उलटा दिसणारा तो पेपर आपल्या दुप्पट वेगानं वाचून काढायचे. पान उलटायला आपला हात जरा रेंगाळला की म्हणायचे, "उलटा की वो. माझं कवाच झालंय." आणि कुणी सौजन्यानं पेपर फिरवून सरळ त्यांच्यापुढे धरला, तर मात्र त्यांचा चेहरा पडायचा. "आसं सरळ दिलं की मला बातमीच कळती," ते तक्रारीच्या सुरात सांगायचे. "आनि बातमी कळली की मग अक्षरं दिसत न्हाईत."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसलो होतो. पुढे त्याच वाक्यानं मला चांगलं तोंडावर आपटलं. तीच गोष्ट सांगायची आहे, पण सावकाश सांगतो. सांगणारा मी आहे, घाई करण्यात मला काही मजा वाटत नाही.

अण्णा म्हणजे महादेव चौगुले, सांगलीतल्या एका जुन्या छापखान्यातले जुळारी. शिशाचं एकेक अक्षर, म्हणजे खिळा, खणातून उचलून ओळीत बसवणारा तो जुळारी. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ओळही उलटीच जुळवायची असते, त्यामुळे पस्तीस वर्षं अण्णांनी जग उलटंच वाचलं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, हळदीच्या अडत्यांची बिलं, सहामाहीच्या प्रश्नपत्रिका, सगळं. मराठी येत होतंच. इंग्रजी कळत नव्हतं, पण जुळवता येत होतं. अक्षरं मोजायची एक पितळी पट्टी आणि एक बारीक चिमटा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असायचा. ओळीत चुकीचा खिळा बसला तर तो चिमट्यानं अलगद उपटायचा.

माझ्याकडे ते आले तेव्हा नव्वदच्या दशकाची अखेर जवळ आली होती आणि मी सांगलीत कॉम्प्युटर क्लास चालवत होतो. खाली हळदीचं गोदाम, वर आमचे तीन कॉम्प्युटर. सहा महिन्यांत माझे पांढरे कीबोर्ड पिवळे झाले होते आणि मुलांच्या वह्यांवर हळदीची बोटं उमटायची. एके दिवशी जिना चढून धोतर-सदरा घातलेले, साठीच्या आसपासचे गृहस्थ वर आले आणि दारातच म्हणाले, "आवं मास्तर, हितं म्हाताऱ्या मानसाला घेत्यात का?"

झालं असं होतं, की छापखान्याच्या मालकांनी सगळे खिळे भंगारात विकून कॉम्प्युटर आणला होता. मालक वाईट नव्हते. त्यांनी अण्णांना सांगितलं, "दिवाळीपर्यंत हे शिकून घ्या, नाहीतर मग आता आराम करा." अण्णांना 'आराम' हा शब्द आजाराच्या नावासारखा ऐकू आला. "खिळे गेले ते गेले," ते मला म्हणाले. "पर डोळा तर हाय न्हवं माझा? ह्यो कुनाच्या उपयोगी पडल का न्हाई, येवढंच मला बगायचंय."

टायपिंग मात्र त्यांना अजिबात जमेना. छापखान्यातली खिळ्यांची केस दाराच्या फळीएवढी. तीत कुठलं अक्षर कुठल्या खणात आहे हे त्यांच्या हाताला पाठ. त्यामुळे 'क' हवा असला की त्यांचा हात सवयीनं वर डावीकडे झेपावायचा आणि माझं पेनस्टँड खाली पाडायचा. कीबोर्डकडे ते दयेनं बघायचे. "येवढ्याश्या जागंत येवढी अक्षरं? गुदमरत न्हाईत व्हय वो ती?" रोज सकाळी तासभर हा झगडा चालायचा. मग ते थकून माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसायचे आणि मी काय वाचतोय ते उलटं वाचायचे.

मी काय वाचत होतो? आता माझी फजिती ऐका.

साताऱ्यात विलास नावाचा माझा शाळेतला मित्र एका कारखान्याच्या ऑफिसात होता. त्याच्याकडे इंटरनेट होतं. आमच्या माडीवर नव्हतं. त्यानं मला फ्लॉपीवर बुद्धिबळाचा एक प्रोग्राम पाठवला होता. खेळ फुकट, आणि शिवाय त्याचं पोट उघडं. म्हणजे तो ज्या मजकुरातून तयार झाला तो सगळा मजकूरही सोबत दिलेला. कुणीही वाचावा, सुधारावा आणि सुधारणा पाठवावी. पटली तर ती पुढच्या आवृत्तीत जायची आणि पाठवणाऱ्याचं नाव शेवटच्या यादीत लागायचं. हे वाचलं आणि माझ्या डोळ्यांपुढे एकदम यादी, यादीत माझं नाव आणि नावाखाली आश्चर्यचकित सांगली जिल्हा उभा राहिला.

मी तत्काळ बारा कलमी पत्र लिहिलं. खेळ मराठीत बोलला पाहिजे, हत्तीला चीत्कार पाहिजे, हरणाऱ्याला सांत्वनपर संदेश पाहिजे, वगैरे. फ्लॉपी साताऱ्याला गेली, विलासनं पत्र धाडलं. प्रोग्रामचा सांभाळ करणारा माणूस नॉर्वेत राहायचा. आम्ही त्याला आपसांत 'नॉर्वेकर' म्हणायचो, म्हणजे कोकणातला असल्यासारखा जवळचा वाटायचा. नॉर्वेकरांचं उत्तर चार ओळींचं आलं: आभारी आहे. कृपया सुरुवात एका गोष्टीनं करा. ती लहान असू द्या. काय होतंय, काय व्हायला हवं आणि मला ते इथं कसं बघता येईल, एवढंच लिहा.

लहान! मला! मी दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. मग हट्टानं अख्खा मजकूर कडेला भोकं असलेल्या सलग कागदावर छापून काढला आणि ते भेंडोळं टेबलावर पसरून रोज वाचत बसलो. चूक सापडेना. सगळं कसं समजत होतं, सुंदर होतं. विशेषतः त्या प्रोग्रामची एक चाल मला फार आवडायची. काळ्या बाजूनं खेळताना तो आपला एक घोडा पटाच्या अगदी काठाला नेऊन उभा करायचा आणि लाख मारामारी झाली तरी तिथून हलवायचा नाही. मी त्यावर मुलांना एक सबंध तास दिला होता. "बघा, काठावरचा घोडा! वरवर वेडेपणा वाटतो, पण यात दूरदृष्टी आहे." फळ्यावर बाण काढले होते मी. हिरव्या खडूनं.

आणि एका सकाळी, टायपिंगची लढाई हरून समोर येऊन बसलेले अण्णा म्हणाले, "मास्तर, ही दोन कोष्टकं येकाच फर्म्याची हायत. खालचं निस्तं उलटं टाकलंय."

मी बघितलं. कागदावर आकड्यांची दोन कोष्टकं होती, आठ आडव्या ओळी, आठ उभ्या. घोड्यानं कुठल्या घरात उभं राहणं किती चांगलं, ते सांगणारे आकडे. वरचं पांढऱ्याचं, खालचं काळ्याचं. काळा समोरून खेळतो, म्हणून त्याचं कोष्टक उलटं. हे मला माहीत होतं, कारण मला बुद्धिबळ येत होतं. अण्णांना काहीच येत नव्हतं. त्यांना ते फक्त दिसत होतं.

"बरोबर, अण्णा," मी कौतुकानं म्हणालो. लहान मुलाला म्हणतात तसं.

"बरोबर कुटलं? खालच्यात येक रेघ गळलीया."

"कसली रेघ?"

अण्णांनी खिशातून चिमटा काढला आणि त्याचं टोक कागदावर टेकवलं. "वर हितं तीस हाय आनि त्याच्या म्होरं आडवी रेघ हाय. खाली त्याच्या जोडीचा आकडा हितं. तीस हाय, पर रेघंच्या जागी कोरा, बिनअक्षराचा खिळा बसलाय. जागा तेवढीच, म्हनून वळ हालली न्हाई आनि कुनाला दिसलं न्हाई."

मी मान वाकडी केली. मग भेंडोळंच फिरवलं. मग, सांगायला लाज वाटते, उठून अण्णांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. वजा तीसचं अधिक तीस झालं होतं. काठावरचं जे घर सगळ्यात वाईट, ते सगळ्यात चांगलं ठरलं होतं. बिचारा घोडा पळत पळत तिथं जायचा आणि स्वर्ग मिळाल्यासारखा उभा राहायचा. माझी दूरदृष्टी ती हीच.

"तुम्ही हे समजून घेतलंत कसं?" मी विचारलं.

"समजलंच न्हाई वो!" अण्णा आनंदानं म्हणाले. "घोडं कसं चालतंय तेबी मला ठावं न्हाई. समजलं की मानूस फसतंय. तुमास्नी समजलं, म्हनून तुमी फसला."

मी रेघ घातली, प्रोग्राम पुन्हा बांधला. आमच्या त्या कॉम्प्युटरला त्यासाठी दोन चहांचा वेळ लागला. मग अण्णा आणि मी पाच डाव लावून बघितले. घोडा एकदाही काठाला गेला नाही. अण्णा पडद्यावरच्या घोड्याला म्हणाले, "आता कसं शानं झालं!" आणि कळफलकाशी झगडून लाल झालेली त्यांची बोटं त्यांनी मांडीवर निवांत ठेवली. इतक्या दिवसांत मी त्यांना तसं बसलेलं पहिल्यांदाच बघत होतो.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. अगदी नॉर्वेकरांनी सांगितलं तसं: काय होतंय, काय व्हायला हवं, कसं बघाल. पत्र उत्तम उतरलं. फक्त सुरुवात अशी होती: "मला एक चूक सापडली आहे." आणि खाली माझं नाव. आता तुम्ही म्हणाल, हा काय माणूस! मीही तेच म्हणतो. पण त्या वेळी मी स्वतःला समजावलं, की अण्णांना कुठं इंग्रजी कळतंय, त्यांना यादीचं काय. असं समजावणारा एक वकील प्रत्येकाच्या पोटात असतो. माझा जरा जास्तच हुशार होता.

अण्णा म्हणाले, "पत्र कुटनं जातंय ते मला बगू द्या की." म्हणून दोघं सकाळच्या एस.टी.नं साताऱ्याला निघालो. लोखंडी वस्तूत चुंबक असलं तर फ्लॉपी बिघडते, असं मी सहज बोलून गेलो होतो. अण्णांनी फ्लॉपी फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात घालून माझ्याकडे दिली आणि स्वतः चिमटा घेऊन चार सीट मागं जाऊन बसले. कऱ्हाडला चहा प्यायलाही माझ्यापासून लांब उभे राहिले. "जवळ या की अण्णा!" "नगं, नगं. आधी पत्र जाऊ द्या."

विलासनं फ्लॉपी घातली, पत्र पडद्यावर उघडलं आणि मोठ्यानं मराठीत वाचायला लागला. "'मला एक चूक सापडली आहे.' अरे वा! तुला?" त्यानं माझ्याकडे वळून बघितलं. "गड्या, तुला शाळेत स्वतःची चप्पल सापडत नव्हती. खरं सांग, कुणी शोधली?"

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "मास्तरांनीच, मास्तरांनीच. मी आपला निस्ता समोर बसलो हुतो."

ते माझी बाजू सांभाळत होते. आणि बोलले तेही अक्षरशः खरं होतं. ते समोर बसले होते, एवढंच त्यांनी केलं होतं, आणि त्या एवढ्यातच सगळं होतं. माझे कान असे तापले, की पंख्याखाली जाऊन उभा राहिलो. मग विलासला उठवलं, खुर्चीत बसलो आणि पत्र बदललं. 'श्री. महादेव चौगुले यांना एक चूक सापडली आहे. ते जुळारी आहेत. त्यांना बुद्धिबळ येत नाही. हे पत्र मी फक्त टाईप केलं आहे.'

"काय बदललं?" अण्णांनी विचारलं. विलासनं सांगितलं. अण्णा अस्वस्थ झाले. "आवं, जुळाऱ्याचं नाव कुटं असतंय व्हय? पस्तीस वर्सांत कुटं आलं न्हाई. कशाला उगं?" पण मोडेम किंचाळायला लागलं होतं, आणि त्या आवाजात त्यांची तक्रार बुडाली.

पुढचा आठवडा अण्णा क्लासला आले, पण कीबोर्डपाशी बसले नाहीत. थेट समोरच्या खुर्चीत. "आलं का?" एवढंच विचारायचे. आठव्या दिवशी खालच्या अडत्याच्या फोनवर विलासचा फोन आला. मी जिन्यावरून ओरडत वर आलो. नॉर्वेकरांनी लिहिलं होतं, की चूक खरी आहे. ती दोन आवृत्त्यांपासून तिथं आहे आणि किती तरी जणांनी त्या ओळी वाचल्या होत्या. त्यांनी स्वतः कागद छापून उलटा धरला, तेव्हा कुठं ती दिसली. आणि शेवटी विचारलं होतं: श्री. चौगुले यांना सवड असेल, तर बाकीची कोष्टकं ते बघतील का?

अण्णा खुर्चीत सरळ बसले. मग म्हणाले, "म्हंजी प्रूफं धाडनार ते? मला?"

"तुम्हालाच."

त्यांनी चिमटा काढला, सदऱ्याच्या बाहीला पुसला आणि परत खिशात ठेवला.

दिवाळीच्या आधी नवी आवृत्ती आली. मी यादीचं पान छापून अण्णांपुढे ठेवलं. सरळ ठेवलं, त्यांनी ते फिरवून उलटं केलं आणि मग वाचलं. Mahadev Chaugule. पट्टी लावून मोजलंही. "पंधरा खिळे आनि मधी येक कोरा," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आनि हे मोडनार कवा?"

मला कळेना. छापखान्यात काम झालं की जुळवलेला मजकूर मोडायचा असतो, म्हणजे खिळे सुटे करून आपापल्या खणात परत टाकायचे. दिवसभर कुणाकुणाची नावं जुळवायची, संध्याकाळी ती सगळी मोडायची. त्याशिवाय दुसऱ्याच्या नावाला खिळे कुठून मिळणार?

"हे मोडत नाहीत, अण्णा. पुढच्या आवृत्तीत राहणार, त्याच्या पुढच्याही."

अण्णा खरोखर काळजीत पडले. "आवं, मग येवढे खिळे माझ्याच नावात आडकून पडनार की! दुसऱ्या कुनाचं अडलं म्हंजी?"

कॉम्प्युटरमध्ये अक्षरं कमी पडत नाहीत, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं. मला वाटतं, आपल्यामुळे नॉर्वेत एखाद्या गरजूला 'ए' मिळत नाही, अशी एक टोचणी त्यांना शेवटपर्यंत राहिली.

ते पान घेऊन मी छापखान्याच्या मालकांकडे गेलो. मोठं भाषण तयार करून गेलो होतो. मालकांनी पान दोनदा वाचलं, मनापासून "वा" म्हणाले आणि मग म्हणाले, "पण माझ्या मशीनवर टाईप कोण करणार, सांगा." मी भाषण तसंच परत घेऊन आलो. दिवाळीला अण्णांना शाल आणि नारळ मिळाला, आणि ते कवठे महांकाळच्या बाजूला, आपल्या गावी निघून गेले. निघताना माझ्याकडे आले. मला वाटलं, खचले असतील. ते म्हणाले, "आराम कसला करतुया मी, मास्तर? नॉर्वेवाल्यांचं काम र्‍हायलंय की. तुमी कागद धाडा."

मी धाडत राहिलो. एस.टी.च्या कंडक्टरकडे भेंडोळं द्यायचं, की ते तिकडं पोचायचं, आणि आठ-दहा दिवसांनी परत यायचं. पानापानावर लाल पेन्सिलीची बरोबरची खूण. कुठं चूक असली तर तिथं बारीक गोल. पुढच्या दोन वर्षांत तसे तीन गोल आले, आणि तिन्ही खरे निघाले. एकदा एका पानावर भाकरीचं पीठ लागलेलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'हे शेळीनं थोडं खाल्लं. खाल्लेलं बगितलेलं न्हाई. परत धाडा.' मी हे नॉर्वेकरांना जसंच्या तसं कळवलं. त्यांनी ते पान पुन्हा पाठवलं आणि शेळीला नमस्कार कळवला.

शेवटचं भेंडोळं अण्णांच्या बायकोनं पाठवलं. सोबत चिमटा होता. अकराव्या पानापर्यंत लाल खुणा होत्या. अकराव्या पानाच्या मध्यावर एक खूण अर्धवट होती, आणि पुढं कागद कोरे.

मी ते भेंडोळं टेबलावर पसरलं आणि पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत, अण्णांच्या जागी बसलो. उरलेली पानं उलटी वाचायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मला सगळं समजत होतं. शेवटी नॉर्वेकरांना खरं तेच लिहिलं: श्री. चौगुले वारले. अकराव्या पानाच्या मध्यापर्यंत त्यांनी बघितलं आहे. पुढचं मी बघितलं आहे, पण ते बघितलं असं धरू नये.

पुढच्या आवृत्तीत त्या मजकुरात बरोबर त्याच जागी नॉर्वेकरांनी एक ओळ घातली होती. खेळणाऱ्याला ती दिसत नाही. पोट उघडून वाचणाऱ्यालाच दिसते: 'इथून पुढे चौगुले यांनी तपासलेलं नाही. जपून वाचावं.'

आता मी पन्नाशी ओलांडली. त्या प्रोग्रामचे सांभाळणारेही बदलले, नॉर्वेकर निवृत्त झाले. परवा सहज नवी आवृत्ती उतरवून घेतली आणि शेवटची यादी उघडली. ती आता फार लांबलचक झाली आहे. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आहेत तीत, शेकडो नावं. खाली खाली गेलो. पंधरा खिळे आणि मध्ये एक कोरा, जिथल्या तिथं उभे होते.

कुणाचं काही अडलेलं नाही, अण्णा.